नमुना एकतीस

वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मांड्या कापते आहे.
तांदळाच्या दाण्याएवढा स्नायू,
तो राळेत बुडवायचा, तापवून घट्ट करायचा,
हिऱ्याच्या पात्यानं इतके पातळ पापुद्रे काढायचे
की श्वास जरा जोरात टाकला तर
माणूस उडून जातो.

मार्चमध्ये तुलनेसाठी माणसं कमी पडली.
"चाळीस ते पन्नास, निरोगी, फार न पळणारी,"
डॉक्टर टानेल यादी वाचत होते
आणि वाचता वाचता माझ्याकडे बघत होते.
मी विचारलं, पाळी पुढेमागे होते, चालेल?
ते कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, चालेल.

सुई आत गेली तेव्हा फारसं दुखलं नाही.
आतून कुणी चिमटा काढून
हळूच विचारावं तसं झालं:
आहेस ना?

तार्तूच्या सूपनगरीत आमचं लाकडी घर.
गल्ल्यांची नावं वाटाणा, घेवडा, बटाटा;
आमची घेवड्याची.
त्या रात्री भट्टीत बर्चची सहा लाकडं सारली.
पूर्वी चार पुरायची.
घर तेच, भिंती त्याच, हिवाळा उलट मवाळ झालाय,
तरी सहा.
आई म्हणायची, लाकडाला बोल लावू नकोस,
आधी धुरांडं बघ, काइरे.

चाळिशी उलटली की आतला जाळ मंदावतो म्हणतात.
जिन्यात मीही तेच म्हणते,
दुसऱ्या मजल्यावर
चाव्या शोधायचं निमित्त करून.
पण आमच्या टेबलावरचे आकडे हट्टी आहेत:
साठीपर्यंत जाळ जवळपास तेवढाच.
झिजतो तो स्नायू, चोरपावलांनी, वर्षाला चिमूटभर,
आणि उरतो त्यात
धूर जास्त, ऊब कमी.

नाव कळू नये अशी व्यवस्था असते. फक्त क्रमांक.
पण एकतीसचा कोपरा तासताना माझा हात घसरला होता,
आणि स्वतःची चूक कोण ओळखत नाही?

अंधारी खोली. हिरवा पडदा. त्यावर
मी,
बावीस हजार पट मोठी,
आणि तरी कुठेच दिसत नव्हते.

तंतुकणिका मोजायला लागले, सवयीनं, डावीकडून.
ही धडधाकट, घड्या इस्त्री केल्यासारख्या.
ही सुजलेली.
हिच्या घड्या विस्कटल्यात, भिजून वाळलेल्या वहीसारख्या.
ही रिकामी, टरफल तेवढं.
ही बरी.
ही पुन्हा सुजलेली.
दुसऱ्यांच्या तक्त्यात हा शब्द लिहिताना
हात कधी थांबला नव्हता.

ह्या सगळ्या आईकडच्या.
बाप ह्या खात्यावर काही ठेवून जात नाही.
आई, लेइदा, पन्नाशीतली,
पलीकडच्या काठावरून सरपणाची गाडी ओढत आणायची,
अर्ध्या पुलावर थांबायची,
कठड्याला दोन्ही हात.
काय गं, विचारलं तर म्हणायची,
नदी बघतेय.
आमच्या नदीचं नावच आईनदी.
मला वाटायचं,
तिला नदी आवडते.

खालच्या कोपऱ्यात दोघी होत्या,
एक नीट, एक खचलेली,
चिकटून, मधली भिंत अर्धी विरघळलेली.
जुळताहेत की तुटताहेत
हे थांबलेल्या चित्रावरून सांगता येत नाही.
नियम असा, की अशांना एकच मोजायचं.
मी एकच मोजली.
मग परत गेले,
आणि पेन्सिलीनं समासात छोटंसं दोन लिहिलं.

तक्त्यावर सही केली. दिवा मालवला.
घर नदीच्या ह्याच काठाला, पूल काही वाटेवर नाही,
तरी वळसा घालून गेले.
एप्रिलचं पाणी कुरणात शिरलं होतं.
मध्यावर धाप लागली.

खिशातल्या चाव्या खिशातच राहू दिल्या.
कठड्याला दोन्ही हात लावून
बराच वेळ
नदी बघितली.